गंज टाकीत होता, आम्ही कॉइल बदलत होतो

जुनी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला घेतली की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, "भंगारात घाला." दुसरे म्हणतात, "यूट्यूबवर बघा, सोपं आहे." आमच्या आठ महिन्यांच्या अनुभवावरून सांगतो, दोघेही चुकतात. गाडी भंगारात घालावी लागली नाही आणि सोपेही गेले नाही. पण हा लेख गाडी कशी सुधारली ते सांगण्यासाठी नाही. आम्ही ती कशी बिघडवत गेलो आणि का, ते सांगण्यासाठी आहे. कारण त्या 'का'चा संबंध पान्यांपेक्षा आमच्या डोक्याशी जास्त होता.

गाडी म्हणजे १९९८ ची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षकांची होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उभी राहिली ती तीन पावसाळे तशीच उभी होती, खाडीकाठी, झाडाखाली. २०२२ च्या पावसाळ्यानंतर गुरुजींनी ती आमच्या हवाली केली. म्हणाले, "रात्रीबेरात्री पेशंट न्यायला तुम्हाला होईल. माझ्याकडे सडूनच जाणार."

आमची वस्ती कल्याणजवळची. रात्री बारानंतर रिक्षा मिळणे कठीण आणि मिळाली तरी गल्लीत यायला तयार नसते. अँब्युलन्सला फोन करायचा तर पत्ता समजावण्यातच वेळ जातो. त्यामुळे आपली एक गाडी असणे ही आमच्यासाठी हौस नव्हती. तशात नोंदणीची मुदत २०२३ च्या जूनमध्ये संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून थेट ५,००० रुपये झाले. वर पर्यावरण कर वेगळा. तेव्हा शुल्क भरायचे, कर भरायचा आणि गॅरेजलाही पैसे द्यायचे, एवढी आमची ऐपत नव्हती. म्हणून ठरले, हातानेच करू.

आम्ही म्हणजे तिघे. एक हे लिहिणारा, समाजशास्त्रात एम.ए., काम समाजकार्याचे. दुसरी ताई, अभ्यासिका चालवते, हिशेब तिच्याकडे. तिसरा धाकटा. दहावीत राहिला, दोन वर्षे एका गॅरेजमध्ये हेल्पर होता, आता पार्सल पोहोचवतो. ही ओळख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला फटका जमिनीने दिला. ड्रायव्हरच्या पायाखालचे कार्पेट उचलले तर खाली काळे डांबर फासलेले. वर गुळगुळीत. धाकट्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आरपार रस्त्यात गेला. आधीच्या कुणीतरी गंजावरच लांबी भरली होती, तीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते आणि वरून रंग मारला होता. आम्ही त्या अज्ञात माणसाला भरपूर नावे ठेवली. आणि मग काय केले? सोबतच्या सीटखालचा भाग 'बरा' दिसत होता, तिथे वरवर पॉलिश पेपर मारला आणि आम्हीही डांबरी लेप फासला. महिन्याभरात लेपाला फुगे आले.

गंज समजून घेतला असता तर हे केले नसते. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, तिघे भेटले की गंज होतो. खाडीची खारी हवा ते काम वेगाने करते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्यांत ओल धरून राहते. वरून लेप लावला तर ओल आत कोंडली जाते आणि पत्रा झाकणाखाली आणखी जोमात सडतो. बाहेरून मात्र छान काळे दिसते. उपाय एकच. चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडायचे, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर गंजरोधक रसायन लावायचे, ते पूर्ण सुकू द्यायचे, मग रेड ऑक्साइड, मग रंग, मग लेप. जिथे पत्राच उरला नाही तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. हे शेवटचे काम आम्ही केले नाही, वेल्डरकडून करून घेतले. आपल्याला काय येत नाही हे कळणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. आणि दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक छिद्रे असतात, ती मातीने बुजली होती. तारेने मोकळी केली. तीन पावसाळ्यांचे पाणी त्या दरवाजांत साठत होते आणि उपाय फुकटचा होता.

दुसरा फटका ब्रेकचा. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममधून तेल गळत होते. व्हील सिलिंडर बदलायचा, एका दुपारचे काम. ब्रेकची हवा काढायचा जो छोटा निपल असतो, तो फिरेना. आम्ही उघड्या तोंडाचा पाना लावला आणि जोर केला. आधी कडा गोल झाल्या, मग निपल तुटला. ठीक, सिलिंडर नवाच टाकायचा होता. म्हणून ब्रेकच्या पाइपचा नट सोडायला गेलो. नट पाइपला गंजाने चिकटलेला. नट फिरला आणि त्याच्याबरोबर पाइपही पिळला गेला. आता पाइपही गेला. एका दुपारचे काम तीन आठवडे चालले.

त्या दिवशी गल्लीतून जाताना एक काका थांबले. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना रोज जय भीम घालणारे आम्ही, पण एवढ्या दिवसांत त्यांना विचारायला आम्ही कुणी गेलो नव्हतो. त्यांनी गोल झालेला निपल हातात घेऊन पाहिला.

"किती वेळ तेलात भिजवला होता?"

"भिजवला नाही, काका."

"मग तुम्ही सोडवत नव्हता, तोडतच होता."

मग त्यांनी सांगितले ते असे. गंजलेल्या नटाला आदल्या दिवशी तेल सोडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडायचे. हातोडीने हलके ठोके द्यायचे म्हणजे तेल आत उतरते. लागेल तिथे पूर्ण पकड घेणारा बॉक्स किंवा रिंग पाना. सोडवण्याआधी केसभर आवळून बघायचे, म्हणजे गंजाची पकड तुटते. हलला तर अर्धा आटा सोडवायचा, पाव आटा परत आवळायचा, पुन्हा सोडवायचा. आणि जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही शिरायचे नाही, घोडी लावल्याशिवाय पाय आत घालायचा नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले. आम्ही दोन विटांवर काम करत होतो हे त्यांनी पाहिले होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे जुने तेल पाइपला आतूनही गंजवते, हेही त्यांच्याकडूनच कळले. सगळे तेल बदलले, सर्व चाकांची हवा पुन्हा काढली, पॅडल घट्ट लागले. तिथे आम्हाला वाटले, आता आम्ही शिकलो.

जानेवारीत गाडी रस्त्यावर आली आणि खरा घोटाळा सुरू झाला. गाडी सुरू व्हायची, दहा-पंधरा मिनिटे छान चालायची, मग झटके मारून बंद पडायची. दहा मिनिटे थांबले की पुन्हा चालू. जणू काही झालेच नव्हते.

त्या संध्याकाळी तिघे बसलो. धाकटा म्हणाला, "दादा, आधी टाकी बघू. दोन वर्षं उभी होती, आत गंज असणार."

हे लिहिणाऱ्याने त्याला थांबवले. आम्ही इंटरनेटवर वाचून आलो होतो. इग्निशन कॉइल तापली की स्पार्क जातो, थंड झाली की परत येतो. लक्षण तंतोतंत जुळत होते. शिवाय आम्ही पेट्रोल फिल्टर आधीच बदलला होता आणि तो जवळजवळ स्वच्छ दिसत होता. तळाशी चिमूटभर तांबूस पूड होती, ती झटकून टाकली. टाकीत गंज असता तर फिल्टर भरला नसता का? युक्तिवाद चोख होता. धाकटा गप्प बसला.

कॉइल बदलली. चार दिवस गाडी चालली, पाचव्या दिवशी बंद. मग प्लग बदलले. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप. मग कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे जायचे आणि आम्ही एकमेकांना सांगायचो, "सापडलं." साफसफाईत काहीतरी हलायचे, पेट्रोल भरल्याने टाकीतली पातळी बदलायची, म्हणून बरे वाटायचे. आम्ही ते आपल्या उपायाच्या खात्यात जमा करत होतो. पैसे जात होते ते वेगळेच.

एप्रिलमध्ये एका रात्री दम्याच्या आजींना रुग्णालयात घेऊन निघालो. पत्री पुलाच्या चढावर गाडीने झटके मारले आणि थांबली. मागे आजी बसलेल्या, त्यांना श्वास पुरत नव्हता, त्यांची सून पाठ चोळत होती. आम्ही बॉनेट उघडून उभे. रिक्षा मिळायला वीस मिनिटे लागली. आजी वाचल्या, आजही आहेत. पण पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरात रात्री एकाला छातीत दुखू लागले, तेव्हा त्यांनी आम्हाला उठवले नाही. रिक्षाच शोधली. सकाळी कळले. विचारले तर त्यांच्या मुलाने शांतपणे सांगितले, "तुमची गाडी मध्येच बंद पडते ना." त्याचे काही चुकले नव्हते.

मित्रांनो, त्या वाक्याने आम्ही जागे झालो. ताईने एक वही काढली आणि नियम केला. यापुढे अंदाजाने एकही पार्ट आणायचा नाही. गाडी बंद पडली की लिहायचे. किती वाजता, किती मिनिटे चालल्यावर, चढ होता की सपाट, टाकीत पेट्रोल किती, बंद पडताना झटके की एकदम गप्प. तीन आठवड्यांत वहीने जे सांगितले ते आम्हाला तीन महिन्यांत दिसले नव्हते. गाडी फक्त वेगात आणि चढावर बंद पडत होती. अंगणात तासभर चालू ठेवली तरी एकदाही नाही. कॉइल तर अंगणातही तापते. मग तिथे का बंद पडत नाही? शिवाय बंद पडताना आधी झटके यायचे. स्पार्क गेला तर इंजिन बहुधा दिवा विझल्यासारखे गप्प होते. पेट्रोल संपत आले की ते तडफडते.

काकांनी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चला, बंद पाडू." काका, धाकटा आणि आम्ही, गाडी मुद्दाम चढावर नेली. बंद पडली. बाजूला घेऊन काकांनी सर्वांत आधी स्पार्क बघितला. चांगला निळा होता. ते काम पूर्ण संपल्यावरच पेट्रोलच्या नळीला हात लावला, कारण उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी म्हणजे मरण. टाकीचे झाकण उघडले, पंपाकडे येणारी नळी काढली आणि सायकलच्या पंपाने तिच्यातून उलटी हवा टाकीत मारली. नळी लावली, सांडलेले पुसले, थोडे थांबून सेल्फ मारला. काही क्षण फिरला आणि गाडी चालू. दहा मिनिटांची वाट न बघता. कॉइल अजून हात भाजेल इतकी गरम होती.

एवढ्या साध्या प्रयोगाने निकाल लागला. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. गंजाचे पापुद्रे त्या जाळीला चिकटत होते. इंजिन जोरात पेट्रोल ओढे तेव्हा जाळी बुजायची. गाडी बंद पडली की ओढ संपायची, पापुद्रे सुटून तळाशी बसायचे आणि वाट मोकळी व्हायची. आमचा चोख युक्तिवादही उलटा होता. फिल्टर स्वच्छ होता, कारण मोठे पापुद्रे जाळीतून पुढे येतच नव्हते. जी चिमूटभर पूड आम्ही झटकली, तोच पुरावा होता.

टाकी खाली उतरवली. आधी बॅटरीच्या तारा काढल्या, मोकळ्या जागेत पेट्रोल काढून घेतले, वाळूची बादली जवळ ठेवली. पट्ट्यांचे बोल्ट दोन दिवस तेलात भिजवले होते, तरी एक तुटलाच. टाकी उलटी केली तर मूठभर तांबडे पापुद्रे निघाले. धुऊन साफ केली आणि शेवटचा फटका बसला. जोडाजवळ सुईएवढे भोक. आजवर ते गंजानेच बुजवून ठेवले होते. पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंगचा विचारही करू नये, रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. धाकटा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेला, जुन्या पार्टच्या दुकानांतून आतून बॅटरीच्या उजेडात बघून बघून एक चांगली टाकी घेऊन आला. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. देशात २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी ओढते आणि १९९८ च्या गाडीचे रबर त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. नळ्या दाबल्यावर चिरा दिसत होत्या.

जूनमध्ये तपासणी झाली, नूतनीकरण मिळाले. त्यानंतर गाडी त्या कारणाने बंद पडली नाही.

आता मुद्द्यावर येऊ. धाकट्याने जानेवारीत पहिल्याच दिवशी सांगितले होते, "टाकी बघू." चार महिने, हजारो रुपये आणि पुलावर तडफडणारी एक म्हातारी, एवढ्या किमतीला आम्ही त्याच उत्तरावर पोहोचलो. त्याचे का ऐकले नाही? त्याच्याकडे युक्तिवाद नव्हता, हे खरे. पण त्याच्याकडे गॅरेजमधले दोन वर्षांचे हात होते. आमच्याकडे वाक्ये होती. आणि बैठकीत वाक्य जिंकते. त्याची शंका तपासायला सायकलचा पंप पुरेसा होता. आम्ही ती तपासली नाही, हरवली.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणासाठी जे लिहिले, त्यात जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, ती त्यांना वरखाली लावते, असे मांडले. हे आम्ही अभ्यासिकेत किती वेळा शिकवले असेल. आणि तीन माणसांच्या, एकाच वस्तीतल्या, एकाच विचारांच्या गटात आम्ही पदवी वर आणि पाना खाली अशी उतरंड लावून बसलो होतो. तेव्हा ही चूक केवळ इंजिनची होती असे म्हणून सुटता येणार नाही. काकांना आम्ही तीन महिने विचारले नाही, तेही याच कारणाने. त्यांना आम्ही आदर देत होतो, पण त्यांच्याकडे ज्ञान आहे हे धरत नव्हतो.

कुणी म्हणेल, मग काय, अनुभवी माणूस म्हणेल तेच प्रमाण मानायचे? नाही. धाकटा चुकूही शकला असता, काकाही. काकांनी स्वतःचा शब्द पुढे केला नाही, त्यांनी आधी वही वाचली आणि मग प्रयोग केला. ताईची वही नसती तर 'फक्त चढावर' हे कुणाच्या लक्षात आले नसते. म्हणजे हात हवेत, नोंद हवी आणि तपासणीही हवी. आमचा दोष शिकलेले असण्यात नव्हता. शिकलेपणाने जे करायला हवे होते, मोजणे, लिहिणे, शंका तपासणे, ते सोडून आम्ही त्याचा उपयोग दुसऱ्याला गप्प करायला केला, यात होता.

म्हणून तुमच्यापैकी कुणी जुनी, गंजलेली गाडी उघडून बसले असेल तर एवढे करा. लक्षण एक असले तरी कारणे दोन असू शकतात, तेव्हा दोघांत निवड करणारा प्रयोग आधी शोधा, पार्ट नंतर आणा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख टाकून लिहा. दोन दिवस बरे चालले म्हणजे दोष सापडला असे धरू नका. झाकलेला गंज दुरुस्त झाला असे समजू नका. आणि तुमच्या टोळीत सर्वांत कमी बोलणारा जो आहे, त्याने पहिल्या दिवशी काय म्हटले ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमची गाडी अजून पूर्ण बरी नाही. कुर्ल्याच्या टाकीबरोबर आलेला पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो. त्यामुळे दर वेळी किलोमीटर लिहून पेट्रोलचा हिशेब ठेवावा लागतो. वही धाकट्याकडे असते. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "दादा, पुढच्या उजव्या चाकातून आवाज येतोय, बेअरिंग असेल." आम्हाला काही ऐकू आले नाही. तरी शनिवारी चाक खोलायचे ठरवले आहे.